बिडाची चंद्रकोर

शनिवार, २ ऑक्टोबर १९७१

आज मी वेल्माची करवत मोडली. हे आधी लिहून मोकळा होतो, नाहीतर पानभर हवापाण्याचं लिहीत बसेन.

वेल्मा हॅलिफॅक्सला इस्पितळात आहे. गेल्या शनिवारी होडीला फळ्या ठोकताना ती परांचीवरून पडली आणि मांडीचं हाड मोडलं. पाय वजनं लावून टांगून ठेवलाय, अजून सात आठवडे तरी ठेवणार. गाडीत घालताना तिने मला दोनच गोष्टी सांगितल्या. एक, मांजरीला दूध द्यायचं नाही, तिचं पोट बिघडतं. आणि दुसरी, "करवत विकत मागणारा तो चेस्टर गावचा माणूस आहे ना, त्याला पत्र टाक. सहासष्ट झाली मला, हॅरिस. पुरे झालं."

मी एकतीस वर्षं या गावचा पोस्टमास्तर होतो. पत्र उशिरा टाकणं मला जमत नाही. उलट टपाली त्याचं उत्तरही आलं, सत्तावीस नोव्हेंबरला ट्रक घेऊन येतो म्हणून.

पण 'पुरे झालं' हे ती ज्या आवाजात म्हणाली, तो आवाज माझ्या डोक्यातून जात नाही. करवत म्हणजे काही हातातली नव्हे. माझ्याहून उंच बँडसॉ आहे, वर-खाली दोन मोठी बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची चाकं आणि त्यांच्यावर फिरणारा दातेरी पट्टा. सासऱ्यांनी एका बंद पडलेल्या गोदीतून ती बैलगाडीवर घालून आणली आणि त्यांच्यामागे वेल्माने तीस वर्षं तिच्यावर होड्यांचं लाकूड कापलं. मला वाटलं, ती घरी येईल तेव्हा करवत लख्ख पुसलेली, तेल दिलेली दिसली तर कदाचित तिचं मन फिरेल. नाहीच फिरलं, तर निदान करवत दिमाखात जाईल.

करवतीचं टेबल तिरकं करायचा नट गंजून बसला होता. मी त्याला हातोड्याचा एक दणका दिला. हलला नाही. दुसरा जरा जोरात दिला. कडक्‌ असा आवाज झाला आणि टेबल माझ्या अंगावर कललं. टेबलाखाली एक अर्धगोल बिडाचा तुकडा असतो, त्याच्यावर टेबल कलतं. वेल्मा त्याला चंद्रकोर म्हणते. चंद्रकोरीचे दोन तुकडे झालेत. ती बनवणारी कंपनी माझ्या लग्नाआधीच बुडाली. आता टेबल कलणार नाही, आणि तिरका काप घेता येत नाही तर होडीची एक बरगडीसुद्धा होणार नाही.

बीड वाकत नाही, कुरकुरत नाही, सरळ तुटतं. हे मला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं.

रविवार, ३ ऑक्टोबर

चर्चमधून आल्यावर शेजारची टिली मॉसमन आंबवलेल्या कोबीची बरणी घेऊन आली, तेव्हा मी स्वयंपाकघरात दोन्ही तुकडे मांडीवर घेऊन बसलो होतो. लपवायला वेळच मिळाला नाही. सगळं सांगितलं, हातोडा आणि दोन दणक्यांसकट. टिलीने छातीवर हात ठेवला.

"माझ्या तोंडून एक अक्षर जायचं नाही, पोस्टमास्तर."

वेल्माला कळता कामा नये. टांगलेल्या पायाने पडलेल्या माणसाला असली बातमी देणं म्हणजे क्रूरपणा आहे. ती यायच्या आत दुरुस्त झाली पाहिजे, बस्स.

बुधवार, ६ ऑक्टोबर

बुधवारी आणि शनिवारी नर्स तिच्या खाटेशी टेलिफोन ढकलत आणते. आमची लाईन पाच घरांची मिळून एक आहे. आमची घंटी वाजली की पाच घरांत पाच रिसीव्हर उचलले जातात, त्यामुळे प्रेमाचं बोलायची सोय नाही. आज तर लाईनीवर एक कॅनरी पक्षी गात होता. गावात कॅनरी एकट्या टिलीकडे आहे.

वेल्माने विचारलं, "शेडमध्ये सगळं ठीक?"

"जसं होतं तसंच आहे."

"हातोडा जागेवर ठेवलास ना?"

"कुठला हातोडा?"

"कुठलाही."

टांगलेल्या पायानेसुद्धा तिला हत्यारांची शिस्त सुचते. मला तिची फार आठवण येते. टेबलावर दोन पेले काढतो आणि एक परत ठेवतो.

शनिवार, ९ ऑक्टोबर

काम बिघडलं. पुरतं बिघडलं.

बिडाचं काम म्हटलं की खरा माणूस एल्रॉय हिमेलमन. चाळीस वर्षं फाउंड्रीत काढली त्याने. पण एकोणतीस साली एल्रॉयने वेल्माला दोनदा आपल्या ट्रकमधून चर्चच्या जेवणाला नेलं होतं, आणि तिला मागणीही घातली होती असं लोक म्हणतात. मी एल्रॉयकडे जात नाही. मी डेल्बर्टकडे गेलो. त्याची मासेमारीची बोट आहे, साखळ्या, आकडे, नांगर सगळं तो स्वतःच वेल्ड करतो.

डेल्बर्टने दहा मिनिटांत दोन्ही तुकडे चिकटवले. मी आभार मानायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्याने तो लालभडक तुकडा सवयीने शेजारच्या बादलीत बुडवला. धक्क्यावर प्रत्येकाची ती बादली असते, बंदरातलं खारं पाणी भरलेली. आकडे, कड्या, सगळं वेल्ड करायचं आणि त्यात बुडवायचं, की लगेच हातात धरता येतं. वाफेचा ढग उठला आणि ढगातून आवाज आला, टिंग. मग आणखी एक, टिंग.

"अरेच्चा," डेल्बर्ट बादलीत बघत म्हणाला, "हे बीड होतं होय?"

आता तीन तुकडे आहेत. डेल्बर्टला इतकं वाईट वाटलं की त्याने मला दोन हॅडॉक मासे दिले. मी ते खाल्ले, पण चव लागली नाही.

बुधवार, १३ ऑक्टोबर

एक विचित्र विचार मनात आला. करवत मोडकीच राहिली तर चेस्टरवाला ती नेणार नाही. मी जितकी छान दुरुस्त करून घेईन, तितकी ती सहज विकली जाईल. आणि मोडकी ठेवली, तर वेल्मा घरी येऊन शेडच्या दारात काय बघेल? मी दोन तास हाच हिशेब उलटसुलट करत बसलो. तिने मोडकं बघावं हे मला सोसणार नाही. मग विकली गेली तरी चालेल.

चालेल असं लिहिलं, पण चालणार नाही.

शनिवार, १६ ऑक्टोबर

सकाळी दार वाजलं. एल्रॉय हिमेलमन, टोपी हातात.

"दाखव," तो म्हणाला.

"काय दाखवू? तुला कुणी सांगितलं?"

"आलं कानावर. दाखव आता."

त्याने तीनही तुकडे खिडकीच्या उजेडात फिरवून बघितले. "हे शेणाचे गोळे कुणी लावले?"

"डेल्बर्टने."

"आणि मग पाण्यात घातलं?"

"खाऱ्या."

एल्रॉय बाकावर बसला. घरात कुणी वारलंय असा चेहरा झाला होता त्याचा. मग म्हणाला, "चार घरं सोडून राहतो मी. सरळ माझ्याकडे का नाही आलास?"

"तुला कशाला त्रास," मी म्हणालो. त्याने माझ्याकडे असं बघितलं, की मी चहा करायला उठलो.

चहा पिताना त्याने समजावलं. डेल्बर्टचं लोखंड सगळं घासून काढायचं. मग चिरेत पितळ ओतून झाळायचं, टाकणखार लावून. पण त्याआधी अख्खी चंद्रकोर सारखी तापली पाहिजे. एक अंग तापलं आणि दुसरं गार राहिलं की फुटलीच. "एवढी मोठी भट्टी मात्र माझ्याकडे आता नाही," तो म्हणाला, आणि आम्ही दोघांनी एकाच वेळी वेल्माच्या लाकडाच्या चुलीकडे बघितलं. तिच्या ओव्हनमध्ये नाताळात वीस पौंडी टर्की आरामात बसते.

"तिला कळलं तर ती आपल्याला त्यात भाजेल," मी म्हणालो.

"तिला कसं कळेल?" एल्रॉय म्हणाला आणि चहात बघत बसला.

बुधवार, २० ऑक्टोबर

आजचं बोलणं जसंच्या तसं लिहितो, कारण मला काळजी वाटते.

वेल्माने विचारलं, "शनिवारी बीन्स करणार आहेस का?"

शनिवारी बीन्स सगळं गाव करतं, पण आमच्याकडे त्या तीच करते. मी म्हणालो, मला कुठे येतात.

"मी सांगते. लिहून घे. सकाळी मंद जाळावर सुरू कर. एकदम जाळ करायचा नाही. आधी ओव्हन नुसता कोमट, मग तासातासाने दोन दोन लाकडं. सगळीकडून सारख्या तापल्या पाहिजेत, हॅरिस. दार उघडून बघत बसायचं नाही."

"काकवी किती घालू?"

"काकवीचं एल्रॉय बघेल."

"एल्रॉय?"

"टिली. टिली म्हणायचं होतं. आणि काढल्यावर वाऱ्यावर ठेवू नकोस. राखेत पुरून ठेव. पिंपभर राख लागेल. सोमवारपर्यंत हात लावायचा नाही."

"बीन्स राखेत पुरू?"

"पुर."

लाईनीवर कॅनरी गप्प झाला होता आणि कुणीतरी खोकलं. मी नंतर नर्सला परत फोन लावून विचारलं, तिला दुखण्यावर देताय ते औषध फार जहाल तर नाही ना. नर्स म्हणाली, तुमची बायको आमच्या वॉर्डातली सगळ्यात शुद्धीवर असलेली पेशंट आहे, काल तिने आमच्या औषधांच्या गाडीचं चाक बसवून दिलं. तरी मला चैन नाही.

शनिवार, २३ ऑक्टोबर

एल्रॉय उजाडताच आला. तुकडे त्याने आठवडाभर घासून स्वच्छ केले होते. एका सरळ लोखंडी पट्टीवर तीनही जुळवून बोल्टांनी आवळले आणि ओव्हनमध्ये सरकवले. मग चुलीसमोर दोन खुर्च्या घेऊन आम्ही बसलो. तासातासाला दोन लाकडं. मशीनच्या तेलाचा वास पार माडीपर्यंत गेला.

अकरा वाजता वेल्माचा फोन आला.

"बीन्स कशा आहेत?"

"ओव्हनमध्ये आहेत," मी म्हणालो. हे खोटं बोलताना मला घाम फुटला, पण तो चुलीमुळेही असेल.

"टोकं नीट जुळली आहेत का बघ. तापल्यावर सरकतात."

"बीन्सची टोकं?"

"हो, बीन्सचीच."

ती इतकं मोठ्याने बोलते की एल्रॉयला पलीकडे ऐकू गेलं. त्याने उगाचच ओव्हनचं दार किलकिलं करून चंद्रकोरीवर मोजपट्टी धरली, आणि काय सांगू, एक टोक खरंच केसभर सरकलं होतं. त्याने बोल्ट आवळला. नशीब म्हणजे नशीब.

दुपारी अंगणात विटांवर ठेवून त्याने गॅसच्या ज्योतीने झाळायला घेतलं. फाउंड्री सोडून बरीच वर्षं झाली, पण हात एकदाही चुकला नाही. पितळेची कांडी वितळून चिरेत अशी शिरत होती, की जणू तिला तिथेच जायचं होतं. काम झाल्यावर तो निखाऱ्यासारखा तुकडा आम्ही दोघांनी चिमट्यांनी उचलून राखेच्या पिंपात पुरला आणि वर आणखी दोन बादल्या राख ओतली.

"सोमवारपर्यंत हात लावायचा नाही," एल्रॉय म्हणाला.

संध्याकाळी टिली बीन्सचं भांडं घेऊन आली. "तुमच्या ओव्हनमध्ये आज जागा नसेल म्हटलं," असं म्हणून गेलीसुद्धा. एल्रॉय आणि मी समोरासमोर बसून खाल्लं. मग तो एकदम म्हणाला, "मी तिला मागणी घातली होती. ठाऊक असेल तुला."

"ठाऊक आहे."

"नाही का म्हणाली ते ठाऊक आहे?"

ते मला ठाऊक नव्हतं. एक्केचाळीस वर्षांत मी विचारलंही नव्हतं.

"म्हणाली, एल्रॉय, तू माझी करवत माझ्यापेक्षा चांगली चालवशील, आणि मग मी स्वयंपाकघरात जाईन. हॅरिसला करवतीचं तोंड कुठलं आणि शेपूट कुठलं तेही कळत नाही. तो शेडमध्ये पाऊल टाकणार नाही." एल्रॉयने ताट पावाने पुसलं. "माझं फार वाईट वाटून घ्यायचं वय गेलं. तू वाईट वाटून घेऊ नकोस."

म्हणजे मला निवडलं ते मला काही येत नाही म्हणून. रागवावं की खूश व्हावं ते ठरेना. एल्रॉय गेल्यावर भांडी घासली, तरी ठरलं नाही.

सोमवार, २५ ऑक्टोबर

राख उपसली. चंद्रकोर कोमट होती, नुकत्याच अंड्यावरून उठलेल्या कोंबडीइतकी. एल्रॉयने ती दोरीला टांगली आणि बोटाच्या पेराने ठोकली. स्वच्छ नाद आला आणि बराच वेळ राहिला.

"वाजते," तो म्हणाला. बस्स, एवढंच. पण बाहेर जाऊन त्याने डोळे पुसले, आणि राख गेली म्हणाला.

बसवली. टेबल कललं, सरळ झालं, पुन्हा कललं.

रविवार, ३१ ऑक्टोबर

करड्या बिडावर पितळेच्या दोन पिवळ्या रेघा लांबून दिसतात. मी तीन हात करडा रंग दिला. एल्रॉय म्हणाला, कशाला झाकतोस, लाजायचं काम नाही ते. मी म्हणालो, तुला नाही, मला आहे. आता देवालासुद्धा जोड सापडणार नाही.

शनिवार, १३ नोव्हेंबर

बर्फ भुरभुरलं. चेस्टरवाल्याचं कार्ड आलं, सत्तावीसला नक्की येतो, चार माणसं सोबत आणतो. पोस्टमास्तर असताना मी एकही पत्र दाबलं नाही. हे कार्ड दाबावंसं वाटलं. मग वेल्माच्या पत्रांच्या तारेत अडकवून ठेवलं.

शनिवार, २० नोव्हेंबर

वेल्मा आली. बारीक झालीय, कुबड्या खडखडवत चालते. दारातच मला मिठी मारली ती इतका वेळ, की टिलीला खिडकीतून बघून बघून कंटाळा आला असेल. मग स्वयंपाकघरात थांबून तिने नाकाने दोनदा हुंगलं.

"तेलाचा वास येतोय."

"बीन्सचा असेल," मी म्हणालो.

तिचा चेहरा हलला नाही, पण खांदे हलत होते. पायात कळ आली असणार. मी तिला लगेच खुर्चीत बसवलं.

शेडकडे ती गेली नाही. शेडबद्दल विचारलंही नाही.

गुरुवार, २५ नोव्हेंबर

अजूनही शेडकडे गेली नाही. खिडकीशी बसते, विणते, उसवते. तिला विणता येत नाही. काल मी विचारलं, करवत एकदा बघून घेतेस का, परवा माणूस येईल. म्हणाली, "बघू." आवाज तोच होता, 'पुरे झालं'वाला. मी बागेत जाऊन उगाच लाकडं फोडली. मला ती करवत जायला नको आहे. तिच्यासाठी की माझ्यासाठी, ते कळत नाही, पण नको आहे.

शनिवार, २७ नोव्हेंबर

ट्रक दहाला आला. माणूस तरुण, दाढीवाला, हॅल्यर नावाचा, अदबीने बोलणारा. मला त्याचा राग करायचा होता, पण तसं काही त्याने केलं नाही. चार गडी बाहेर ट्रकपाशी थांबले. वेल्मा कुबड्यांवर शेडमध्ये आली, करवतीकडे न बघता बाकावर बसली. मी दारात उभा राहिलो.

त्याने बटण दाबलं. चाकं फिरली. तो हसला. आवाज ऐकूनच ओळखतात म्हणे हे लोक. "टेबल कलतं का, बाई?"

वेल्मा उठली. कुबडी टेबलाला टेकवली, करवत बंद केली, खिशातून चाकू काढला, खाली वाकली आणि बरोबर त्या जागी, चाचपडल्याशिवाय, माझा तीन हात रंग खरवडला. पिवळी रेघ दिसली. मग दुसरी.

"ही इथे मोडली होती," ती म्हणाली. "माझ्या नवऱ्याने हातोड्याने मोडली. दोन दणक्यांत."

दोन दणके मी या जगात फक्त टिलीला सांगितले होते. मी खिडकीतून टिलीच्या घराकडे बघितलं. पडदा हलला. मग माझ्या डोक्यात एकेक करून सगळा ऑक्टोबर उलटा फिरायला लागला, काकवी, राख, टोकं, आणि माझे कान तापले. एकतीस वर्षं गावाची गुपितं सांभाळली, आणि माझं एक गुपित पाच घरं आणि एक इस्पितळ मिळून दोन महिने सांभाळत होती.

हॅल्यर गुडघ्यांवर बसून बघत होता. "काम फार सुंदर झालंय," तो म्हणाला. "हा जोड जन्मात सुटणार नाही. माझी काही हरकत नाही. घेतो मी."



"माझी आहे हरकत," वेल्मा म्हणाली.

तो उभा राहिला. "तुम्हीच पत्र पाठवलं होतं."

"पाठवलं होतं. तेव्हा ती बाबांची होती. बाबांची होती तोवर देता आली असती मला. बाबा गेले, माझा पाय गेला, करवत गेली, असं सगळं एका ओळीत बसलं असतं." तिने चंद्रकोरीवर हात ठेवला. "आता ही याने मोडलेली आहे. आणि मोडून, मग लाजून, मग रंग लावून ठेवलेली आहे. तुम्हाला नाही देता यायची."

"मला नीटसं कळलं नाही, बाई."

"यालाही नाही कळलेलं," माझ्याकडे हनुवटी करत ती म्हणाली. "पण त्याला वेळ आहे."

हॅल्यर भला माणूस. टोपीला हात लावून गेला. चार गड्यांना फुकट खेप पडली म्हणून मी त्यांना टिलीच्या कोबीची बरणी दिली. ट्रक वळणापलीकडे गेल्यावर परत शेडपाशी आलो.

"दार लाव, गारवा येतोय," वेल्मा म्हणाली.

मी बाहेर उभा राहून दार ओढून घेतलं.

"हॅरिस," आतून आवाज आला. "आत येऊन."

मी आत गेलो आणि दार लावलं. तिने टेबल कलतं केलं, फळीवर पेन्सिलीची रेघ मारली. "एका पायावर मला फळी पेलत नाही. तू दुसरं टोक धर. ढकलायचं नाही, ओढायचं नाही. नुसतं धरायचं."

"मला काही येत नाही, वेल्मा. तू त्यासाठीच माझ्याशी लग्न केलंस म्हणे."

तिने चष्म्यावरून बघितलं. "एल्रॉय फार बोलतो," ती म्हणाली. "ते पहिल्या वर्षाचं कारण होतं. पुढच्या चाळीस वर्षांचं वेगळं आहे. धर."

पहिल्या कापाला मी फळी नकळत ओढली, तशी तिने करवत बंद केली आणि मी नीट धरेपर्यंत वाट बघितली. दुसरा काप बरा गेला. टेबल हललं नाही, चंद्रकोर कुरकुरली नाही. दुपारपर्यंत चार बरगड्या झाल्या, त्यातली एक वाकडी. तिच्यावर वेल्माने पेन्सिलीने माझं नाव घातलंय, आणि होडीत ती लावणार आहे म्हणते.